एका ओळीचे अंदाजपत्रक

चीनच्या लष्करी खर्चाचा विषय निघाला की आपल्या अभ्यासवर्गांतून दोन ठराविक भाषणे ऐकावयास मिळतात. पहिला वक्ता चीन सरकारने जाहीर केलेला आकडा प्रमाण मानतो, तो अमेरिकेच्या खर्चाच्या सुमारे चौथा हिस्सा आहे हे दाखवतो, आणि चिनी धोक्याची सगळी हाकाटी ही शस्त्रकारखानदारांची जाहिरात आहे असे सांगून खाली बसतो. दुसरा वक्ता उठून म्हणतो की, हुकूमशाही राजवटीने दिलेला आकडा खोटाच असणार. खरा खर्च तिप्पट आहे. सबब आपणही हात आखडता घेऊन चालणार नाही. दोघांचे वैर मोठे असले तरी दोघांची श्रद्धा एकच आहे. बीजिंगमध्ये कोठेतरी एका तिजोरीत खरा आकडा लिहिलेला कागद आहे, आणि प्रश्न फक्त तो कागद कोणी पाहिला एवढाच आहे, अशी ती श्रद्धा होय.

असा कागद नसतो. हे मी तर्काने सांगत नाही. ज्या राष्ट्राच्या बाबतीत हा वाद चाळीस वर्षे चालला, त्या सोव्हिएट संघाची तिजोरी अखेर उघडली गेली आणि आत काय होते ते जगाने पाहिले. समाजवादी चळवळीने तो इतिहास इतरांपेक्षा अधिक काळजीने वाचायला हवा होता. आपण तो वाचला नाही, कारण त्यात मॉस्को आणि वॉशिंग्टन या दोघांचीही लाज उघडी पडते आणि आपल्यापैकी प्रत्येकाला त्यातली कोणाची ना कोणाची तरी लाज झाकायची होती.

सोव्हिएट संघाचे वार्षिक अंदाजपत्रक सर्वोच्च सोव्हिएटपुढे येई तेव्हा त्यात 'संरक्षण' या सदराखाली एक रक्कम असे. एकच ओळ. तिच्यात सैनिकांचे वेतन किती, रणगाडे किती, संशोधन किती, याचा एका अक्षराने खुलासा नसे. १९७० मध्ये ही रक्कम सुमारे १७.९ अब्ज रुबल होती. पुढच्या दहा वर्षांत नवी आंतरखंडीय क्षेपणास्त्रे आली, युरोपवर रोखलेली एस. एस.-२० आली, आरमार महासागरांत उतरले आणि १९७९च्या डिसेंबरात फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. १९८०च्या अंदाजपत्रकातील रक्कम होती १७.१ अब्ज रुबल. म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी! हे वाचून ज्यांना काही खटकले नाही, त्यांनी अंदाजपत्रक आणि पंचांग यांत फरक केला नाही असेच म्हणावे लागेल.

या एका ओळीची किंमत कोणी मोजली याचे एक उदाहरण आपल्या लोकांना ठाऊक असले पाहिजे, कारण ती किंमत आपल्यासारख्यांनी मोजली. १९७३ मध्ये सोव्हिएट परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक प्रस्ताव मांडला. सुरक्षा समितीच्या पाचही कायम सदस्यांनी आपापला लष्करी खर्च दहा टक्क्यांनी कमी करावा आणि वाचलेल्या पैशाचा काही भाग विकसनशील देशांना द्यावा, असा तो प्रस्ताव होता. आमसभेने तो संमतही केला. कल्पना थोर होती यात शंका नाही. पण दहा टक्के कशाचे? ज्या राष्ट्राने प्रस्ताव मांडला त्याचाच खर्च कोणाला ठाऊक नव्हता. इतर बड्या राष्ट्रांची तर कपात करण्याची इच्छाच नव्हती. त्यांना प्रस्ताव बाजूला सारण्यास ही आयती सबब मिळाली. पुढे तज्ज्ञांच्या समित्या बसल्या, 'लष्करी खर्च' म्हणजे काय याची व्याख्या करण्यात वर्षे गेली, आणि १९८० मध्ये खर्च कळवण्याचा एक समान तक्ता तयार झाला. गरीब देशांच्या हाती पडला तो तक्ता.

मॉस्को बोलत नव्हते, म्हणून वॉशिंग्टन बोलू लागले. सी. आय. ए.ची पद्धत वरवर पाहता अगदी सरळ होती. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून आणि इतर मार्गांनी रणगाडे मोजायचे, विमाने मोजायची, पलटणी मोजायच्या. मग हेच सैन्य अमेरिकेत उभे करावयाचे झाले तर किती डॉलर लागतील याचा हिशेब करायचा. या हिशेबाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएट खर्च अमेरिकेच्या जवळजवळ दीडपट ठरत होता. हा दीडपटीचा आकडा अमेरिकन काँग्रेसमध्ये आणि वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे फिरवला गेला.

यातली मेख समजून घेण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील एक शेतकरी कुटुंब घ्या. घरचा तांदूळ, परसातला फणस, विहिरीचे पाणी, रानातले सरपण, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या दोन बायका. मुंबईचा एखादा हिशेबनीस तेथे गेला आणि त्याने हे सर्व मुंबईच्या भावाने मांडले; फणसाला दादरच्या बाजाराचा भाव लावला, स्वयंपाकाला खानावळीचा आणि धुण्याभांड्यांना शहरातील घरकामाचा दर लावला; तर त्या कुटुंबाचा 'खर्च' मुंबईच्या कारकुनाच्या पगारावर सहज जाईल. (त्या दोन बायकांच्या श्रमाला निदान कोणीतरी किंमत लावली, एवढाच त्यातला फायदा.) हिशेबनीसाची बेरीज चुकलेली नाही. हेच जिणे मुंबईत विकत घ्यावयाचे तर किती पडेल, या प्रश्नाचे ते बरोबर उत्तर आहे. पण हे कुटुंब दरमहा इतके रुपये उधळते, असे तो मुंबईस परतून सांगू लागला, तर त्याला खोटारडा म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

सोव्हिएट सैन्यात सक्तीने भरती झालेला शिपाई महिन्याला चार-पाच रुबलांवर राबत असे. अमेरिकेने १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद केली आणि स्वेच्छेने येणारे सैनिक मिळावेत म्हणून पगार वाढवले. सोव्हिएट शिपायाची किंमत अमेरिकन शिपायाच्या पगाराने मोजली जात असल्याने अमेरिकन काँग्रेसने आपल्या सैनिकांना पगारवाढ दिली की त्याच दिवशी कागदावर सोव्हिएट संघाचा लष्करी खर्च वाढे. रशियात एक बंदूकही नवी आलेली नसे. हा विनोद नव्हे. काँग्रेसचे सदस्य लेस ॲस्पिन यांनी तो तेव्हाच दाखवून दिला होता, आणि टफ्ट्स विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ फ्रँकलिन होल्झमन यांनी १९८० मध्ये या संपूर्ण तुलनेची चिरफाड केली. प्रत्येक देश आपल्याकडे जे स्वस्त असते ते भरपूर वापरतो. रशियात माणूस स्वस्त होता, अमेरिकेत यंत्र. परक्याच्या भावाने मोजले की कोणताही देश फुगलेला दिसतो. गर्शेनक्रॉन यांच्या नावाने हा परिणाम अर्थशास्त्रात ओळखला जातो आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो शिकवला जातो. तीच तुलना रुबलच्या भावाने केली की तफावत बरीच आटत असे. परंतु डॉलरमधील आकड्यालाच प्रसिद्धी मिळे.

आता १९७६ची हकीकत पाहा. त्या वर्षी सी. आय. ए.ने सोव्हिएट खर्चाचा रुबलमधील अंदाज एकदम जवळजवळ दुप्पट केला. तोपर्यंत हा खर्च स्थूल राष्ट्रीय उत्पादनाच्या सहा ते आठ टक्के मानला जाई, तो अकरा ते तेरा टक्के ठरला. वृत्तपत्रांनी मथळे दिले आणि सामान्य वाचकाने असाच अर्थ घेतला की, रशियनांची शस्त्रे दुपटीने वाढली. वस्तुतः एकही रणगाडा वाढला नव्हता. वाढली होती ती रणगाड्याची रुबलमधील किंमत. सोव्हिएट शस्त्रकारखाने आपण समजत होतो त्याहून फार अकार्यक्षम आहेत, तेच शस्त्र बनवायला त्यांना दुप्पट साधनसामग्री लागते, असा तो शोध होता. म्हणजे बातमी खरे तर प्रतिस्पर्ध्याच्या दुबळेपणाची होती आणि ती खपवली गेली बलाढ्यपणाची म्हणून! त्याच वर्षी रिचर्ड पाइप्स यांच्या अध्यक्षतेखाली 'बी' गट नावाची बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि सरकारी विश्लेषक रशियनांच्या हेतूंबाबत भाबडे आहेत असा निर्वाळा तिने दिला.

१९८३ मध्ये उलटी दुरुस्ती झाली. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या पुढाकाराने काँग्रेसच्या संयुक्त आर्थिक समितीपुढे वर्षानुवर्षे ज्या साक्षी होत असत, त्यांत सी. आय. ए.ने कबूल केले की, सोव्हिएट खर्च दरसाल चार-पाच टक्क्यांनी वाढतो आहे हे म्हणणे बरोबर नव्हते. १९७६ नंतर वाढीचा वेग सुमारे दोन टक्केच होता आणि नव्या शस्त्रांच्या खरेदीत तर जवळजवळ वाढच नव्हती. कबुली प्रामाणिक होती, पण उशिरा आली. 'सोव्हिएट लष्करी सामर्थ्य' ही चकचकीत सरकारी पुस्तिका १९८१ पासून जगभर वाटली जात होती. अमेरिकेचा संरक्षणखर्च १९८० च्या १३४ अब्ज डॉलरवरून १९८५ मध्ये सुमारे २५३ अब्जांवर गेला. दुरुस्ती झाली म्हणून यातला एक डॉलरही परत आला नाही.

येथवर वाचून आपल्यातील काही साथींना समाधान वाटेल: पाहा, सगळा बनाव अमेरिकन होता. त्यांनी क्षणभर थांबावे, कारण पुढचा भाग त्यांच्यासाठी आहे.

३० मे १९८९ रोजी गोर्बाचेव्ह लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसपुढे उभे राहिले आणि त्यांनी सांगितले की, त्या वर्षीचा संरक्षणखर्च ७७.३ अब्ज रुबल आहे. अंदाजपत्रकातील ओळीत तो २०.२ अब्ज होता. आठवड्याभरात पंतप्रधान रिझकोव्ह यांनी फोड करून दाखवली: शस्त्रखरेदी ३२.६ अब्ज, संशोधन १५.३, सैन्याचे वेतन व निर्वाह २०.२, बांधकाम ४.६, निवृत्तिवेतन २.३ आणि इतर २.३. ही फोड नीट पाहा. वेतन व निर्वाहाचा आकडा तोच जुना २०.२ आहे. म्हणजे ज्याला 'संरक्षण' म्हणून वर्षानुवर्षे सादर केले ते फक्त शिपायाचे जेवण, कपडे, पगार आणि इंधन होते. रणगाडा, क्षेपणास्त्र, पाणबुडी आणि त्यांमागची प्रयोगशाळा यांपैकी कशाचाही त्या ओळीत समावेश नव्हता. आपल्या शिबिरांतून, आपल्या साप्ताहिकांच्या पानांवरून ज्यांनी ती ओळ सोव्हिएट शांतताप्रियतेचा पुरावा म्हणून दाखवली, त्यांनी शिधासामग्रीच्या खर्चाला सैन्य म्हटले होते.

पण ७७.३ तरी खरा होता काय? जेमतेम वर्षभराने, १९९० मध्ये, उरल भागातील निझ्नी तागिल या रणगाड्यांच्या गावी बोलताना गोर्बाचेव्ह यांनीच लष्करी भार राष्ट्रीय उत्पन्नाच्या १८ टक्के असल्याचे सांगितले. हे प्रमाण ७७.३ अब्जांशी जुळत नाही. काही सोव्हिएट अर्थशास्त्रज्ञ राष्ट्रीय उत्पादनाच्या वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत गेले. इगॉर बिरमन या स्थलांतरित अर्थशास्त्रज्ञाने तर आधीपासूनच म्हटले होते की, सी. आय. ए. सोव्हिएट भार फुगवत नसून कमी दाखवीत आहे, कारण तिने भागाकारातील खालचा आकडा, म्हणजे एकूण राष्ट्रीय उत्पादनच, फार मोठे धरले आहे. रशियन माणूस अमेरिकन अंदाजांपेक्षा पुष्कळ गरीब होता. सैन्य तेवढेच आणि घर त्याहून दरिद्री, तर भार अधिक. तेव्हा अमेरिकन अंदाजाने धोका वाढवून सांगितला आणि त्याच वेळी सोव्हिएट जनतेचे हाल कमी करून सांगितले. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंच्या प्रचारकांना अडचणीचे असे हे सत्य आहे.

एवढे आकडे का संभवले? कारण सोव्हिएट व्यवस्थेत शस्त्राची किंमत ही किंमतच नव्हती. पोलाद, वीज आणि दुर्मीळ धातू शस्त्रकारखान्यांना नियोजन मंडळ ठरवील त्या भावाने मिळत. तोटा आला तर तो दुसऱ्या कोणत्यातरी खात्यात बुजवला जाई. चांगले अभियंते आणि चांगला माल आधी तिकडे जाई, मागे राहील तो चपलांच्या कारखान्याला. शिवाय एकाच छपराखाली निझ्नी तागिलला रेल्वेचे डबेही बनत आणि रणगाडेही. घरोघरचे दूरचित्रवाणी संच संरक्षण उद्योगाच्या मंत्रालयांखालील कारखान्यांतूनच येत. यातला कोणता रुबल युद्धाचा आणि कोणता शांततेचा, हे त्या कारखान्याच्या संचालकालाही सांगता आले नसते. म्हणून मी म्हणतो की तिजोरीत खरा आकडा नव्हता. गोर्बाचेव्ह यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, आंद्रोपोव्ह सत्तेवर असताना त्यांनी आणि रिझकोव्ह यांनी अंदाजपत्रक पाहावयास मागितले, तेव्हा आंद्रोपोव्ह यांनी हसून नकार दिला. पॉलिटब्यूरोचा सदस्य आणि पक्षाचा चिटणीस यांना आपल्याच देशाचा जमाखर्च पाहण्याची मनाई!

तेव्हा ही गुप्तता कोणाविरुद्ध होती, हा प्रश्न समाजवाद्यांनी विचारलाच पाहिजे. शत्रूविरुद्ध नव्हती. शत्रूच्या उपग्रहाला रणगाडे दिसत होते, पाणबुड्यांची गोदी दिसत होती. त्याला दिसत नव्हती ती फक्त किंमत, आणि किंमत ही शत्रूच्या उपयोगाची गोष्ट नव्हे. ती उपयोगाची आहे घर मिळण्यासाठी दहा वर्षे रांगेत असलेल्या मजुराला. तुझे घर कोठे गेले, हे त्याला त्या ओळीतून कळले असते. ज्या राज्याने स्वतःला कामगारांचे राज्य म्हणवले, त्याने कामगारापासून नेमकी हीच गोष्ट लपवली. आणि ज्या पोकळीत त्याचा स्वतःचा आवाज असायला हवा होता, तेथे परदेशी हेरखात्याचा आकडा येऊन बसला. मॉस्कोने जाहीर हिशेब दिला असता तर 'बी' गटाला उभे राहायला जागा उरली नसती. अमेरिकेतील युद्धखोरांचा सर्वांत मोठा हितचिंतक क्रेमलिनमधील ती एक ओळ होती.

हे सर्व ध्यानात घेऊन आता चीनकडे या. चीन सरकारचा २०२४ चा जाहीर आकडा १.६७ लाख कोटी युआन, म्हणजे सुमारे २३१ अब्ज डॉलर होता. स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेचा त्याच वर्षाचा अंदाज ३१४ अब्ज. सशस्त्र पोलीस दल, तटरक्षक दल आणि संशोधन यांवरचा जो खर्च जाहीर रकमेच्या बाहेर राहतो, तो ती धरते. अमेरिकन संरक्षण खात्याने ३३० ते ४५० अब्ज अशी मर्यादा सांगितली. आणि अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूटने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात २०२२ सालासाठीच ७११ अब्जांचा आकडा दिला. जाहीर आकडा आणि हा शेवटचा आकडा यांत तिपटीचे अंतर आहे. ते पाहून दचकण्याआधी प्रत्येकाला दोन गोष्टी विचाराव्यात: यात कोणकोणते खर्च धरले, आणि कोणाच्या भावाने मोजले? सिप्रीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुरुस्त केले आहे आणि ते बहुतांशी रास्त आहे. ७११ अब्जांच्या आकड्यात मात्र चिनी शिपायाचा पगार अमेरिकेच्या पातळीवर नेण्याची ती जुनी युक्ती पुन्हा आली आहे. रत्नागिरीचा फणस पुन्हा दादरला पोहोचला.

आपल्याकडे ही युक्ती अर्धवट उचलली जाते, आणि तीच मला सर्वांत घातक वाटते. चीनचा खर्च क्रयशक्तीच्या हिशेबाने वाढवून सांगणारे आपले लेखक भारताचा खर्च मात्र बाजारातील विनिमयदराने डॉलरमध्ये मांडतात आणि दोहोंतील दरी दाखवून घाबरवतात. जवान भारताचाही रुपयांतच पगार घेतो! क्रयशक्तीची दुरुस्ती संपूर्ण अर्थव्यवस्थेसाठी केली तर चीनचे उत्पन्न सुमारे दुप्पट होते आणि भारताचे साडेतीन-चार पट. परदेशांतून डॉलर मोजून घेतलेल्या विमानांना ती लागू होत नाही हे खरे, आणि सबंध अर्थव्यवस्थेचे गुणक सैन्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत हेही खरे. तरी दोघांना एकच गज लावला तर दरी रुंदावत नाही, अरुंद होते. एकाला गज आणि दुसऱ्याला वीत लावून जो हिशेब निघतो तो अर्थशास्त्राचा नव्हे. सीमेवर चिनी सैन्याचे वर्तन काय आहे, तेथे किती पलटणी, किती रस्ते, किती तोफा आहेत, याचा विचार गंभीरपणे करावा. २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान पडले हे विसरणारा मी नाही. पण त्या विचाराला डॉलरमधील फुगवलेल्या बेरजेची गरज नाही.

पहिल्या वक्त्यालाही जाता जाता सांगितले पाहिजे. चीनचा जाहीर आकडा हा सोव्हिएट ओळीपेक्षा बराच बरा आहे, पण त्याची सविस्तर फोड चिनी नागरिकाला मिळत नाही आणि मागण्याची सोयही नाही. त्या मौनाची वकिली करणे हे साम्राज्यवादविरोध नव्हे. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर आपल्या खर्चाचे तपशील पुन्हा झाकून घेतले, तेव्हाही आपल्यातील काही जण गप्प राहिले.

आपल्या स्वतःच्या घरी ओळ एक नाही, पुष्कळ आहेत, आणि छापील आहेत. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयासाठी ६,८१,२१० कोटी रुपये होते. त्यांपैकी १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे. सीमा सुरक्षा दल आणि भारत-तिबेट सीमा पोलीस यांचा खर्च गृहमंत्रालयात सापडतो, अणुशक्तीचा खर्च आणखी वेगळ्या मागणीत. ही बेरीज करण्यास हेरखाते लागत नाही. एक पेन्सिल आणि दोन दुपारी पुरतात. पण मार्च २०२३ मध्ये लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना, गोंधळात, एकत्र संमत केल्या. संरक्षणाची मागणी त्यांतच होती. आपल्या जिल्हा शिबिरांत पुढच्या वेळी चीनच्या खर्चावर व्याख्यान ठेवाल, तेव्हा त्याआधी एक तास या मागण्यांच्या छापील पुस्तिका उघडून बसण्यासाठी ठेवा.